काठोकाठ

१

सोमवारी सकाळी एर्किननं बुटांवरचा बर्फ झटकला, कोट खुर्चीवर फेकला आणि भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं. रोजचा रिवाजच होता तो. भिंतीवरची ती हिरवी रेघ म्हणजे त्यांच्या ब्राउझरचा वेग. फोनवर बोट टेकल्यापासून पान दिसेपर्यंत किती वेळ जातो, ते ती रेघ सांगायची. ब्राउझरचं नाव जेलमाया, म्हणजे आजीच्या कहाण्यांतली वाऱ्यासारखी पळणारी सांडणी. शुक्रवारी दुपारपर्यंत ही रेघ जमिनीला चिकटून सपाट चालली होती. त्यानंतर ती एका जागी पायरी चढावी तशी वर गेली होती आणि तिथंच राहिली होती.

"चारशे मिलिसेकंद," दौरेन पलीकडून ओरडला. "एरेके, तुमची सांडणी कुठंतरी पेंड खातेय!"

दौरेन त्याच्या हाताखालचा. मानानं 'एरेके' म्हणायचा आणि त्याच तोंडानं टोमणेही मारायचा.

"शुक्रवारनंतर कोणीतरी काहीतरी घातलंय कोडमध्ये," एर्किन म्हणाला. "सापडेल."

"सापडलेलं बरं. नाहीतर या शुक्रवारी पाहुण्यांना काय दाखवणार, लंगडी सांडणी?"

पापणी लवायला लागतो तेवढाच तो वेळ, पण ज्याचं जळतं त्याला कळतं. येत्या शुक्रवारी फोन बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं अल्माटीत येणार होती. आपल्या प्रत्येक फोनात ती जेलमाया घालणार होती. त्याच दिवशी चहाच्या वेळी मालक सेरिक आगा एर्किनला विभागप्रमुख करणार होते. शिवाय पान रंगवणारं जे इंजिन या ब्राउझरचा जीव होतं, त्याचा कर्ता म्हणून एर्किनचं नाव सगळ्यांसमोर घेणार होते.

ते इंजिन एर्किननं लिहिलेलं नव्हतं. ऑफिसात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. इंजिन रौशाननं लिहिलं होतं, एकटीनं, तीन वर्षं खपून. रौशान फेब्रुवारीत गेली.

२

वेग मोजायची खोली जिन्याखाली होती. तिला खिडकी नव्हती आणि भिंतींना काळं कापड लावलेलं होतं. मधोमध चिमट्यात पकडलेला एक फोन, त्याच्यावर रबरी टोकाचं यांत्रिक बोट आणि समोर सेकंदाला दोनशे चित्रं टिपणारा कॅमेरा. बोट टेकलं की 'टक' वाजायचं आणि फोनची काच काळी व्हायची. पान उमटलं की 'टिंग'. टक आणि टिंगच्या मध्ये किती चित्रं आली ती मोजायची, एवढंच काम. हे सगळं रौशाननंच जुळवलेलं होतं.

खोलीची राखण मारझान आपायकडे होती. बाई पन्नाशी उलटलेल्या, म्हणून सगळ्यांच्या 'आपाय', थोरली ताई; आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. नवा कोड बाहेर जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा, आणि शुक्रवारचा चहाही त्यांच्याच हातून मिळायचा.

"एकशे अठ्ठावीस बदल आहेत शुक्रवारपासून," त्या म्हणाल्या. "अर्धे अर्धे करत जाऊ. सात फेऱ्यांत चोर हातात."

पद्धत साधी आहे. पहिले चौसष्ट बदल घातलेला ब्राउझर मोजायचा. हळू निघाला तर चोर त्या चौसष्टांत, नाहीतर उरलेल्यांत. मग बत्तीस, मग सोळा. टक, टिंग. दर फेरीला एर्किन एखाद्या नव्या माणसावर मनातल्या मनात तोंडसुख घेत होता. चार उरले तेव्हा त्याला दौरेनवर खात्री होती. दोन उरले तेव्हा तो गप्प झाला, कारण त्यातला एक बदल त्याचा स्वतःचा होता.

सातवी फेरी. टक. काच काळी झाली. जरा वेळ काहीच नाही. टिंग.

"तुझाच आहे की रे, एर्किनजान," मारझान आपाय पडद्यावर वाचत म्हणाल्या. "शुक्रवार, दुपार. शीर्षक 'साफसफाई'. एकसष्ट फाइली, प्रत्येकीतून एक ओळ काढलीयस."

त्यांनी चष्मा वर केला आणि एक फाइल उघडली. मग दुसरी उघडली. सगळीकडे तीच ओळ गेली होती. फाइलीच्या माथ्यावरची, माणसांनी वाचायची टीप: 'लिहिणार: रौशान कालियेवा.'

"ही ओळ यंत्र वाचत नाही," एर्किन म्हणाला.

"नाही वाचत."

"म्हणजे हिच्यानं काही हळू होऊच शकत नाही, आपाय. फोनच्या पाठीवरचा रंग उडाला म्हणून त्याची घंटी बंद पडेल का?"

आपायनी कीबोर्ड ओढला. ओळी परत घालून एकदा मोजलं. टकच्या पाठोपाठ टिंग. पुन्हा काढून मोजलं. टक, आणि मग ती पोकळी.

"घाल परत," आपाय म्हणाल्या. "एका टिपेचं ते काय. वेगही येईल, आणि पोरीचं नावही राहील."

"योगायोग आहे. मी बघतो माझं मी."

तो असं का म्हणाला ते आपायना कळलं होतं. ब्राउझरमध्येच एक पान होतं, कर्त्यांच्या यादीचं. दर शुक्रवारी दुपारी ते फाइलींच्या माथ्यावरची नावं गोळा करून आपोआप तयार व्हायचं. पाहुण्यांना तेच दाखवायचं होतं.

३

आता त्या फेब्रुवारीचं सांगितलं पाहिजे.

तेव्हा पानं अडखळत उघडत होती आणि सेरिक आगा चिडले होते. चूक एर्किनची होती, त्याच्या एका घाईच्या बदलाची. तो मीटिंगमध्ये म्हणाला, "इंजिन रौशानचं आहे, तिला विचारा." रौशान वाद घालणारी नव्हती. तिनं मान खाली घातली, आणि खाली घातलेली मान म्हणजे कबुली असं सगळ्यांनी सोयीनं धरलं.

त्याच संध्याकाळी शुक्रवारचा चहा होता. टेबलावर बाउरसाकांचा, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा, ढीग होता. एर्किननं हसत आपायच्या हातातून किटली घेतली. "आज मी ओततो!" त्यानं प्रत्येकाला अर्धा अर्धा पियाला दिला, द्यावा तसा. अर्धा म्हणजे बस, बोल, पुन्हा भरतो. मग त्यानं रौशानचा पियाला घेतला, आणि अर्ध्यावर थांबला नाही. ओतत राहिला. दूधचहा काठाशी आला, फुगला आणि देताना तिच्या हिरव्या स्वेटरच्या बाहीवर सांडला.

काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ तिथं शेंबड्या पोरालाही कळतो. पी आणि नीघ. सुनेनं सासूच्या चुलत्याला असा पियाला दिला तर दोन घरांचं येणंजाणं तुटतं. टेबलाभोवती अकरा माणसं होती. दौरेन फिसकन हसला. बाकीच्यांनी बाउरसाकांत डोकं घातलं. आपायही काही बोलल्या नाहीत, ते त्यांना पुढं फार लागून राहिलं.

"रहमेत, एर्किन," रौशान म्हणाली. आभार मानले तिनं. ती उभी राहिली आणि प्यायला लागली. सावकाश, एकेक घोट. सगळे बघत होते. एर्किननं मध्येच घड्याळाकडे पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "भरलेला पियाला प्यायला वेळ लागतो."

शेवटचा थेंब पिऊन तिनं पियाला त्याच्यासमोर पालथा ठेवला, कोट घातला आणि आईकडे जायला तल्दीकोर्गानची बस पकडली. बस बर्फावरून घसरली. तिघं गेली, त्यात रौशान.

एर्किन मातीला गेला नाही. कामं होती, म्हणाला.

४

मंगळवारी तो एकटाच जिन्याखाली उतरला. त्यानं एक युक्ती काढली होती. ओळी गेल्यामुळं फाइलींची लांबी बदलली, त्यामुळं यंत्राच्या पोटात कुठंतरी काही सरकलं असेल. असं कधी कधी होतं, त्यात जादू नाही. मग त्या जागी तेवढ्याच लांबीची दुसरी ओळ घातली की झालं. त्यानं घातली. 'लिहिणार: एर्किन तुलेगेनोव.' लांबी जमवायला बाजूच्या दोन मोकळ्या जागाही काढल्या.

टक.

काच काळी झाली. तो टिंगची वाट बघत राहिला. वाट बघतोय हे त्याच्या लक्षात आलं, म्हणजे वेळ तेवढा होता. मग टिंग.

बाराशे. तिप्पट झालं होतं.

पुन्हा मोजलं. दोन हजार, पुरते दोन सेकंद. त्यानं दौरेनला हाक मारली. दौरेन आला, बटण दाबलं. टक, टिंग. चारशे.

"कालचंच आहे की," दौरेन म्हणाला. "एरेके, यंत्र तुमच्यावर रुसलंय. काल आंघोळ केली होती ना?"

"चूप बस आणि वर जा."

दौरेन गेल्यावर एर्किननं कानांवर हेडफोन चढवले. टक आणि टिंग टिपायला कॅमेऱ्याशेजारी माइक होता. दोन सेकंदांची ती पोकळी त्यानं आवाज वाढवून ऐकली. आधी खरखर, पंख्याची घरघर. त्याच्या खाली आणखी काहीतरी, बारीक, सलग. जिन्याखालून पाण्याचा नळ जात असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण नळाचा आवाज सारखा असतो. हा आवाज सुरुवातीला जाड होता आणि हळूहळू बारीक होत चालला होता. भांडं भरत येताना होतो तसा.

टिंगपाशी तो मध्येच तुटत होता. भांडं अजून भरलेलं नव्हतं.

५

बुधवारी सेरिक आगांनी त्याला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत रेघ खाली आली नाही तर मी पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतो. आणि मग तुझ्या नव्या खुर्चीचंही बघू पुढं कधीतरी."

"येईल खाली, सेके," एर्किन मालकांना मानाच्या नावानं म्हणाला. "शब्द देतो."

"शब्द नको, रेघ दे."

एर्किन पुन्हा जिन्याखाली गेला. आता तो मोजत नव्हता, चित्रं बघत होता. बोट टेकल्यापासून पान उमटेपर्यंतची चित्रं, एकेक. काळी काच, काळी काच, काळी काच. शे-दीडशे चित्रं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की काळी काच आरसा असते. तिच्यात खोली दिसत होती. कॅमेऱ्याचा लाल दिवा, काळं कापड आणि खुर्चीत बसलेला तो.

दोनशेव्या चित्रात त्याच्या खुर्चीमागं काहीतरी होतं. कापडाला घडी पडली असेल. तीनशेव्यात ती घडी खुर्चीच्या पाठीशी आली होती. तीनशे नव्वदाव्यात ती त्याच्या खांद्यावरून पुढं आली, आणि घडीला रंग होता, हिरवा. कडेला एक फिकट डाग होता.

पुढं पान उमटलं होतं. बातम्या, हवामान, एका दुकानाची जाहिरात.

तो मागं वळला नाही. वळून बघावं असं त्याच्या बुद्धीनं त्याला सांगितलं. मागं भिंत आहे, हात लाव, खात्री कर. त्यानं फक्त खुर्ची पुढं ओढली. खाई त्याला खवखवे म्हणतात. दौरेन याच खुर्चीत बसून शीळ घालत मोजून गेला होता.

६

गुरुवारी सकाळी त्यानं नावं परत घातली. एकसष्टच्या एकसष्ट.

पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, बरं का. पश्चात्ताप होणारा माणूस आपायकडे गेला असता, रौशानच्या आईकडे गेला असता. यानं आदल्या रात्रीच हिशेब मांडला होता. नावं गुपचूप आत ठेवायची म्हणजे रेघ खाली येईल. कर्त्यांच्या यादीचं मंगळवारी स्वतः हातानं तयार केलेलं पान, ज्यात फक्त त्याचं नाव होतं, ते वेगळं काढून ठेवायचं आणि पाहुण्यांना तेच दाखवायचं. सह्या झाल्या की येत्या सोमवारी पुन्हा साफसफाई. मेलेल्या माणसाला चार दिवस नाव वापरायला दिलं, एवढंच.

रेघ धाडकन खाली आली. सपाट झाली. ऑफिसात टाळ्या वाजल्या, दौरेननं शीळ घातली. आपाय खोलीतून बाहेर येऊन म्हणाल्या, "रेघ आली जागेवर. बरं झालं. वाट बघायला नको आता कोणाला."

"सांगितलं होतं ना मी!" एर्किन म्हणाला.

कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. मग, त्यानं तोंड मिटल्यानंतर थोड्या वेळानं, दौरेन वळला आणि हसून म्हणाला, "सांगितलं होतं खरं, एरेके."

गडबडीत होते सगळे, त्यानं मनाशी म्हटलं.

दुपारी लिफ्टचं बटण दाबलं. दिवा लागायला वेळ लागला. खाली पावाच्या दुकानात त्यानं साम्सा, भट्टीतला समोसा, मागितला. बाई त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघत राहिली आणि मग एकदम, हाक आत्ताच कानावर पडल्यासारखी, "कोणता, मटणाचा?" म्हणाली. बसमध्ये एकाच्या पायावर पाय पडला. तो माणूस दोन थांबे गेल्यावर कळवळला.

आणि दर वेळी, त्याचं बोलणं संपल्यापासून समोरच्याला ते पोचेपर्यंतच्या पोकळीत, त्याला ती बारीक धार ऐकू येत होती. हेडफोनशिवाय. दर वेळी आवाज मागच्याहून बारीक होता.

ब्राउझर आता चारशे मिलिसेकंद हलका झाला होता. ते ओझं कुठं गेलं ते एर्किनला समजायला लागलं होतं. घरी पोचल्यावर तो कोणाशी बोललाच नाही.

७

शुक्रवारी चहाला टेबल भरून गेलं. पाहुणे आले होते, घोड्याच्या मांसाची काझी आणि सफरचंदं मांडली होती, खिडकीतून बर्फावरचं ऊन आत येत होतं. पाहुण्यांसमोरच्या मोठ्या पडद्यावर जेलमाया उघडलेली होती. एर्किन आपल्या जागी बसला, दौरेन आणि भिंतीच्या मधे.

मारझान आपाय किटली घेऊन निघाल्या. अर्धा पियाला, अर्धा पियाला. दौरेनपाशी आल्या, त्याला दिला आणि पुढं गेल्या. एर्किनची जागा ओलांडून.

"आपाय, माझा राहिला," तो म्हणाला.

आपायनी टेबलाला फेरी पूर्ण केली, आपल्या जागी बसल्या आणि किटली खाली ठेवली.

"एर्किन कुठंय?" सेरिक आगांनी विचारलं.

"आत्ता तर होता," दौरेननं थेट त्याच्याकडे, त्याच्यातून पलीकडच्या भिंतीकडे बघत म्हटलं. "लाजला असेल. नवरदेव आहे आजचा."

"मी इथंच आहे! सेके!" एर्किननं टेबलावर मूठ आपटली. बाउरसाकांची थाळी हललीही नाही.

"येईल. तोवर मी पान दाखवतो," सेरिक आगा म्हणाले. एर्किननं बाजूला काढून ठेवलेलं पान त्यांच्याजवळ नव्हतं, ते एर्किनच्या फोनात होतं. त्यांनी आजचं उघडलं. झर्रकन उघडलं ते, बोट टेकताच. वाट बघावीच लागली नाही.

इंजिनाचा कर्ता, याच्यापुढं एकच नाव होतं, एकसष्ट वेळा.

सेरिक आगांनी घसा साफ केला. मारझान आपायनी दुव्यासाठी दोन्ही तळवे उघडले. "रौशान कालियेवा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे तिनं लिहिलं. त्या दिवशी मी गप्प बसले, आज सांगते." मग त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी फिरवले, पाहुण्यांनीही. दौरेनचे डोळे ओले झाले होते. "रौशान," एकानं म्हटलं. दुसऱ्यानं म्हटलं.

"रौशान!" एर्किनही ओरडला. "तिचंच आहे! चूक माझी होती, फेब्रुवारीत, माझी! मी केलं ते!" आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला. वरातीमागून घोडं. त्याचे शब्द त्याच्या तोंडातून निघाले आणि तिथंच कुठंतरी थांबून राहिले.

तेव्हा त्याला धार ऐकू आली. अगदी जवळून, उजव्या खांद्यावरून.

आपाय तर समोर बसल्या होत्या. किटली त्यांच्यापुढं होती.

त्यानं मान वळवली नाही. मान खाली करून फक्त टेबलाकडे बघितलं. त्याच्यापुढं पियाला होता. वरून दूधचहाची बारीक धार पडत होती आणि ती हिरव्या बाहीच्या पुढून येत होती. अर्ध्यावर आली, थांबली नाही. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, मग संपला. चहा काठाशी आला, फुगून तसाच राहिला, एक थेंबही सांडला नाही.

पाहुण्यांनी सह्या केल्या. खुर्च्या सरकल्या, कोट चढले, कोणीतरी दिवे मालवले. "एर्किन आलाच नाही शेवटी," जिन्यावरून दौरेनचा आवाज गेला. दार लागलं.

एर्किननं दोन्ही हातांनी पियाला उचलला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तो एक घोट प्यायला. दुसरा घेतला. बराच वेळ पीत राहिला आणि मग आत बघितलं.

पियाला काठोकाठ होता.

"थांबते मी," त्याच्या मागून कोणीतरी म्हणालं. "वेळ लागतो."